मोबाइल नसलेल्या रुग्णाचे काय?

शहाद्याजवळचे टेंभली गाव दोंडाईचाकरांना नवे नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी तेथेच दिले गेले. संगणकावरच्या नव्या सरकारी कारभाराचा श्रीगणेशा आपल्या खानदेशात झाला, याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. आता हा कारभार दवाखान्याच्या दारापर्यंत आला आहे. म्हणूनच त्याचा विचार आरोग्याच्या दृष्टीनेही व्हायला हवा.

मे २०२१ आठवून पाहा. १८ ते ४४ वयोगटासाठी कोविडची लस १ मेपासून खुली झाली. पण त्यासाठी 'कोविन'वर आधी नोंदणी करून वेळ मिळवणे सक्तीचे होते. ते संकेतस्थळ तेव्हा मराठीत नव्हते. शहरातील मंडळी गाड्या करून खेड्यातल्या केंद्रावर आली, लस टोचून गेली आणि गावचा मजूर बाहेरच उभा राहिला, अशा तक्रारी महाराष्ट्रात ठिकठिकाणी झाल्या. ज्याच्या हाती चांगला मोबाइल, त्याला लस आधी, असा उफराटा न्याय झाला.

सरकार चुकले, पण शिकलेही. २४ मे रोजी या वयोगटाला सरकारी केंद्रावर जागेवरच नोंदणीची मुभा मिळाली. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मेच्या आदेशात उपस्थित केला. जूनमध्ये कोविन मराठीत आले. नोव्हेंबरमध्ये तर 'हर घर दस्तक' मोहिमेत आरोग्य कर्मचारी व आशाताई घरोघर फिरल्या. मोबाइलपासून सुरू झालेली मोहीम अखेर उंबरठ्यावर आली.

हा धडा आज विसरता कामा नये. चौदा आकडी 'आभा' क्रमांक, केसपेपरसाठी मोबाइलवर स्कॅन करायचा चौकोन, 'ई-संजीवनी'वर डॉक्टरांचा सल्ला या सोयी चांगल्याच आहेत. मधुमेह वा रक्तदाबाच्या रुग्णाचे जुने रिपोर्ट पिशवीत चुरगळून हरवतात. ते एका क्रमांकावर मिळाले तर उपचार नेमके होतात. तज्ज्ञाचा सल्ला जवळच्या केंद्रावर मिळाला, तर धुळ्याची खेपही वाचते.

परंतु मिरचीचे देठ खुडून वा विटा थापून बोटांचे ठसे झिजलेली बाई, किंवा ज्याचा मुलगा सुरतेला आणि मोबाइलही त्याच्याजवळच, असा म्हातारा बाप, यांना 'ओटीपी आणा' म्हणून परत पाठवू नये. प्रत्येक सरकारी रुग्णालयात माणूस बसलेली एक खिडकी कायम राहिली पाहिजे. यंत्र बंद पडले तरी केसपेपर निघाला पाहिजे. नोंद मागाहून करता येते. ताप आणि प्रसूतिकळा थांबत नाहीत.

वाचकहो, काही गोष्टी आपणही पाळाव्यात. 'आभा' काढणे ऐच्छिक आहे. त्यावाचून उपचार अडत असतील तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटावे. कागदी रिपोर्ट जपून ठेवावेत. अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी सांगू नये. आणि शिकलेल्या मुलांनी दवाखान्याच्या रांगेत शेजारच्या आजीचीही नोंदणी करून द्यावी. त्याला दोन मिनिटे लागतात. तिचा मात्र एक रोज वाचतो.