आधी आम्ही पाहतो : मजकूर तपासणाऱ्या कामगारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली
मा. प्रधान सचिव, कामगार विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : दहशतवादी मजकूर हटवण्याची व्यवस्था आणि ते काम करणाऱ्यांच्या अटी

महोदय,

समाजमाध्यमांवरचा मराठी, हिंदी आणि दखनी मजकूर तपासणाऱ्या कंत्राटी कामगारांची ही संघटना आहे. तुमच्या मोबाइलवर जे दिसत नाही, ते आधी आम्ही पाहिलेले असते. रुजू होताना गोपनीयतेचा करार होतो, त्यामुळे दिवसभर काय पाहिले हे घरीही सांगता येत नाही. या पत्रात कोणत्याही मालकाचे नाव नाही, तेही त्याच कारणाने.

दहशतवादी मजकूर हटवलाच पाहिजे, याबद्दल आमच्यात दुमत नाही. शिरच्छेदाचा व्हिडिओ ज्याने आवाजासकट पाहिला आहे, त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे धडे देऊ नयेत. 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि आयसिसला मिळाले, तेव्हापासून हा प्रश्न आपल्यासाठी परदेशातला उरलेला नाही. आमची तक्रार आहे ती सारी अक्कल घड्याळात घातली गेल्याची.

2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी सरकारी किंवा न्यायालयीन आदेशानंतर मजकूर हटवायला 36 तास दिले होते. 20 फेब्रुवारी 2026 पासून ते 3 तास झाले. मुदत चुकली तर वापरकर्त्यांच्या मजकुराच्या जबाबदारीपासून माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 ने दिलेले संरक्षण जाण्याची टांगती तलवार कंपनीवर आहे. कंपनी ती टीम लीडरच्या डोक्यावर टांगते आणि टीम लीडर आमच्या. मग तपासायच्या मजकुराच्या रांगेतल्या प्रत्येक नोंदीला एकच अलिखित नियम लागतो : शंका आली की उडवा. चुकून राहिलेल्या एका पोस्टबद्दल आम्हाला जाब विचारला जातो. चुकून उडवलेल्या शंभरांबद्दल कोणी विचारत नाही.

घाई कशासाठी, हे आम्हाला कळते. 15 मार्च 2019 रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च येथे दोन मशिदींत 51 जणांचा बळी घेणाऱ्याने हल्ल्याचे 17 मिनिटे थेट प्रक्षेपण केले. फेसबुकने नंतर सांगितले, की ते थेट पाहणारे 200 हूनही कमी होते आणि पहिली तक्रार आली तोवर प्रक्षेपण संपून 12 मिनिटे झाली होती. पण पुढच्या 24 तासांत कंपनीला त्याच्या 15 लाख प्रती हटवाव्या लागल्या. त्यांतल्या 12 लाख चढवतानाच अडल्या, कारण यंत्राकडे मूळ व्हिडिओचा डिजिटल ठसा होता. उरलेल्या 3 लाख मात्र आधी प्रसिद्ध झाल्या. कुणी चौकट कापली होती, कुणी पडद्यावर चालणारा व्हिडिओ मोबाइलने टिपला होता. जुळ्या प्रती यंत्र पकडते. बदललेल्या प्रतीसमोर शेवटी माणूसच बसवावा लागतो.

आणि मराठीत तर जुळ्या प्रतीसुद्धा क्वचितच असतात. शिवप्रतापदिनाच्या आठवड्यात आमची रांग ‘कोथळा’ या शब्दाने भरून जाते. त्यांतला बहुतेक मजकूर पोवाडे, पोस्टर आणि शाळकरी पोरांची नाटके असा असतो. एखादा मात्र गल्लीतल्या विशिष्ट घराकडे बोट दाखवून तोच शब्द वापरतो. दोन्हींत फरक करायला प्रतापगड माहीत असावा लागतो आणि ती गल्लीही. ‘बघून घेतो’ ही धमकी आहे की भाऊबंदकीतली नेहमीची भाषा? रोमन लिपीतले मराठी, त्यात दखनी मिसळलेली, त्यावर मीम! आमच्यातल्या एकाने 26 नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्याच्या स्मृतिदिनाचा एक व्हिडिओ हल्लेखोरांच्या चित्रणामुळे दहशतवादाचा गौरव समजून उडवला होता. तो मूळचा तमिळभाषक, मराठी रांगेत बसवलेला. दोष त्याचा नव्हता.

म्हणून पहिली मागणी : मराठी मजकुराचा निकाल मराठी येणाऱ्यानेच द्यावा, आणि संशयास्पद प्रकरणात दुसऱ्या तपासणाऱ्याचे मत बंधनकारक करावे. युरोपीय संघाचा 2021 चा नियम तर आपल्याहून कडक आहे, तिथे आदेशानंतर एका तासात मजकूर हटवावा लागतो. पण त्याच नियमाने पत्रकारिता, शिक्षण, संशोधन आणि कलेसाठीच्या मजकुराला स्पष्ट वगळले आहे आणि कंपनीला पहिलाच आदेश द्यायचा असेल तर किमान 12 तास आधी कार्यपद्धती कळवायला सांगितले आहे. तातडीचे प्रकरण तेवढे अपवाद. शिवाय आदेश निव्वळ दहशतवादी मजकुरापुरता. आपल्याकडे तीन तासांचे हे घड्याळ बॉम्ब बनवण्याच्या कृतीबद्दलच्या आदेशालाही लागते आणि बदनामीबद्दलच्या आदेशालाही. ते वेगळे करावे. ज्यातून लगेच जीव जाऊ शकतो अशा मजकुरापुरतेच तीन तास ठेवावेत.

दुसरी मागणी पुराव्याची. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने लिबियातल्या महमूद अल-वरफली या कमांडरविरुद्ध वॉरंट काढले, ते समाजमाध्यमांवरच्या व्हिडिओंच्या आधारे. त्याच वर्षी यूट्यूबच्या यंत्राने सीरियातल्या युद्धाचे हजारो व्हिडिओ उडवले. त्यांत अत्याचारांच्या नोंदी ठेवणाऱ्यांचेही होते. आपल्या नियमांत हटवलेला मजकूर 180 दिवस जपण्याची तरतूद आहे. आपल्याकडचे खटले किती वर्षे रेंगाळतात, हे सरकारला आम्ही सांगायला नको. दहशतवाद आणि सामूहिक हिंसेच्या प्रकरणांत ही मुदत खटला संपेपर्यंत असावी.

तिसरी : माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69A खालच्या मजकूर रोखण्याच्या आदेशांना 2009 च्या नियमांतल्या नियम 16 ने गोपनीयतेचे कुलूप लावले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम वैध ठरवले, त्यात कारणे लेखी नोंदवण्याच्या अटीला महत्त्व होते. ती कारणे ज्याचा मजकूर गेला त्याला मिळावीत, आणि भाषावार आकडे दर सहा महिन्यांनी जाहीर व्हावेत. ‘सहयोग’ या सरकारी पोर्टलवरून मजकूर हटवण्यासाठी येणाऱ्या सूचनांनाही हेच लागू करावे. आम्हालाही कळू द्या, की आम्ही काय काय पुसले. (कोल्हापुरात जून 2023 मध्ये काही व्हॉट्सॲप स्टेटसवरून पेटले आणि अख्ख्या जिल्ह्याचे इंटरनेट बंद झाले. मोजक्या स्टेटसपायी सगळ्यांना अंधार, असा हिशेब करणाऱ्यांनी निदान तो कागदावर मांडावा.)

आता आमच्याविषयी. 2020 मध्ये अमेरिकेतल्या फेसबुक मॉडरेटरांच्या दाव्यात कंपनीने मानसिक आघातापोटी 5.2 कोटी डॉलर मोजायचे कबूल केले. आपल्या कामगार संहितेत व्यवसायजन्य रोगांच्या यादीत सिलिकोसिस आहे, शिशाची विषबाधा आहे. हिंसक चित्रण रोज पाहून जडणारा आघात नाही. तो यादीत घालावा. अशा रांगेत सलग किती वेळ बसवता येईल याची कमाल मर्यादा ठरवावी, चित्र धूसर आणि आवाज बंद हीच मूळ मांडणी असावी, आणि समुपदेशक कंपनीचा नसावा. कंपनीच्या समुपदेशकाकडे रडणारा पुढच्या महिन्यात ‘परफॉर्मन्स’च्या यादीत सापडतो, हे आम्ही अनुभवले आहे.

मुख्य मालकाने या सगळ्याची जबाबदारी कामगार पुरवठादारावर ढकलू नये, एवढे कलम कंत्राटात सक्तीचे असावे.

शेवटची मागणी लहान आहे, पण तिच्यावाचून वरच्या मागण्यांवर बोलणीच होणार नाहीत. डॉक्टर, वकील, कामगार आयुक्त आणि संसदीय समिती यांच्यापुढे आम्ही जे सांगू, त्याला गोपनीयतेच्या करारातून लेखी सूट द्यावी. ती मिळताच आमचे पाच प्रतिनिधी चर्चेला येतील. तोवर त्यांची नावे या पत्राखाली लिहिता येत नाहीत.