फुरसुंगीला एक सायकल हवी
पोरांची पानं : आखातकर

शुक्रवारी दुपारी बहरीनच्या मआमीरमधल्या गॅरेजांची शटरं खाली असतात, तेवढीच शांतता. वारा रिफायनरीच्या बाजूने आला की मात्र शुक्रवार असो की रविवार, खिडक्या लावून घ्याव्या लागतात. अशाच एका बंद खिडकीखाली माझा दहा वर्षांचा भाचा पालथा पडून 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' वाचत होता. पुस्तक पुण्याहून आलेलं, बॅगेत लोणच्याची बरणी आणि भाजणीच्या पिशव्यांमध्ये दबून. कोपऱ्यावर तेलाचा डाग. मान वर करून म्हणाला, "मामा, फुरसुंगी खरंच आहे का रे?"

आहे की, म्हटलं. पुण्याजवळ. पुणे-मिरज लोहमार्गावर त्या नावाचं स्टेशनसुद्धा आहे. लगेच माझा फोन घेऊन तो शोधायला बसला. त्याला फाफे, म्हणजे फास्टर फेणे, हवा होता, निदान त्याची सायकल तरी. निघाले कचरा डेपोचे डोंगर, गावकऱ्यांची आंदोलनं आणि धूर.

"म्हणजे आपल्यासारखंच," तो म्हणाला.

खरं आहे. मआमीरचं नावही बातमीत येतं ते बहुतेक कारखान्यांमुळेच. पण मआमीरच्या नावाने कुणी वाचनवेड्या पोरांची तीन पिढ्यांची फौज उभी केलेली नाही. फुरसुंगीच्या नावाने फाफेचे लेखक भा. रा. भागवत यांनी केली. वीस पुस्तकं, दूरदर्शनवर मालिका, २०१७मध्ये सिनेमा. आणि गावात त्या किडकिडीत पोराची खूण म्हणून काय? फोनवर तासभर शोधून आम्हाला तरी काही सापडलं नाही.

अमेरिकेत टेक्सासमध्ये ॲबिलीन नावाचं शहर आहे. १९९३मध्ये विल्यम जॉइस या चित्रकार-लेखकाचं 'सँटा कॉल्स' हे पुस्तक आलं. त्यातली मुलं ॲबिलीनची. शहराचे तेव्हाचे महापौर गॅरी मॅककॅलेब यांनी ते शाळेतल्या मुलांना वाचून दाखवलं आणि आपल्या गावाचं नाव पुस्तकात आहे एवढ्या कौतुकावर न थांबता थेट लेखकाला गाठलं. चार वर्षांत तिथे मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांचं संग्रहालय उभं राहिलं. पुढे चौकाचौकांत गोष्टींतल्या पात्रांचे पुतळे आले आणि आता दर उन्हाळ्यात एकेका चित्रकाराच्या पुस्तकांवर उत्सव भरतो. सुरुवात एका पुस्तकाची. फुरसुंगीकडे वीस आहेत!

आपल्याला हे जमत नाही असं नाही. पाचगणीजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचं गाव' झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांनी आपल्या घरांत कपाटं मांडू दिली, भिंती रंगल्या, बालसाहित्यालाही एक घर मिळालं. मुंबईत तर पन्नासच्या दशकापासून कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट उभा आहे. त्या बुटावर माझा राग नाही, मीही त्यात चढलोय. पण मराठी पोरांच्या सहलीतली सगळ्यात प्रसिद्ध गोष्टीतली वास्तू एका इंग्रजी बडबडगीतातून आलेली असावी, याची गंमत वाटते आणि थोडी लाजही. ती म्हातारी सातासमुद्रापलीकडून येऊन मलबार हिलवर जागा पटकावते आणि आमच्या फाफेला स्वतःच्या गावात उभं राहायला जागा नाही.

पुतळा मात्र नको. पुतळा म्हटला की चौथरा येतो, कुंपण येतं, जयंतीचा हार येतो, उद्घाटकाच्या नावाची पाटी पुतळ्याहून मोठी होते. शिवाय फाफे एका जागी उभा राहील कशाला? लोखंडी सायकल बसवा, पोरांना चढता येईल अशी. स्टेशनाच्या भिंतीवर त्याच्या करामती रंगवा. वर्षातून एक दिवस शाळाशाळांतून भागवतांची पुस्तकं मोठ्याने वाचा. डेपोचा प्रश्न याने सुटणार नाही, तो वेगळाच लढावा लागेल. पण नाव शोधणाऱ्या पोराला धुराआधी काहीतरी दुसरं दिसेल.

फुरसुंगी-उरुळी देवाची अशी आता स्वतंत्र नगरपरिषद आहे. तिच्या नगरसेवकांनी यंदाच्या अंदाजपत्रकात एका सायकलीपुरते पैसे काढावेत, एवढीच मागणी. भाचा जुलैच्या सुट्टीत पुण्याला येतोय. शनिवारवाडा नको, सिंहगड नको, आधी फुरसुंगी, असं त्याने आजीला फोनवर सांगून टाकलंय.