जर-तरची दिलगिरी

‘कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर आम्ही दिलगीर आहोत.’ हे वाक्य आता आपल्या सार्वजनिक जीवनात राष्ट्रगीताइतके पाठ झाले आहे. नाटकवाले म्हणतात, सिनेमावाले म्हणतात, जाहिरात कंपन्या म्हणतात, पुढारीही म्हणतात. देवाधर्मावर, व्रतवैकल्यांवर, कुणाच्या गुरूवर विनोद झाला, ओरड झाली, की दुसऱ्या दिवशी हे वाक्य हजर. वाक्य मोठे बेतीव आहे. दुखावले कोणी, याचा त्यात पत्ता नाही. कशाने दुखावले, तेही नाही. आणि दुखावले हे तरी मान्य आहे का? तेही नाही, कारण मध्ये ‘असतील, तर’ बसवलेले आहे.

उभी हयात बँकेत गेल्यामुळे मला या वाक्याची जात ओळखीची वाटते. बँकेच्या ताळेबंदाखाली ‘संभाव्य देणी’ नावाचा एक तपशील असतो. कुणासाठी हमी दिलेली असते, कुणाचा दावा कोर्टात पडलेला असतो. द्यावे लागले तर लागले. तोवर ती रक्कम ताळेबंदाच्या बेरजेत धरत नाहीत. जर-तरची दिलगिरी ही तशीच. कागदावर दिसते, पण देणेकऱ्याच्या खिशातून काही जात नाही आणि घेणेकऱ्याच्या हातात काही पडत नाही.

मग श्रद्धाळूंची थट्टाच करू नये काय? तसे म्हटले तर निम्मे मराठी वाङ्मय बासनात बांधावे लागेल. तमाशाच्या गौळणीत मावशी कृष्णाची जी फिरकी घेते, तिला हसणारे प्रेक्षक सकाळी देवाला हात जोडूनच घराबाहेर पडलेले असत. संत एकनाथांनी भारुडांतून जोगी, भुत्या, संन्यासी या सगळ्या सोंगांना रांगेत उभे केले. त्यांच्या ‘हिंदू-तुर्क संवादा’त तर हिंदू आणि मुसलमान समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या देवाधर्माची यथेच्छ टर उडवतात आणि शेवटी एकमेकांना भेटतात. सोळाव्या शतकातल्या पैठणात हे लिहिले गेले. दोघांनाही बोलायला सारखी जागा आहे आणि जो बोलतो तो ऐकूनही घेतो, हे त्या थट्टेचे मर्म. पाठीमागे केलेली नव्हे, तोंडावर केलेली थट्टा.

हा फरक मला एका शाखेत प्रत्यक्ष पाहायला मिळाला. तिथे आमचा एक सहकारी माळकरी होता. आषाढात त्याची रजा ठरलेली. साहेब दरवर्षी विचारायचे, “काय बुवा, तुमचा विठ्ठल व्याज किती टक्के देतो?” तो हसून म्हणायचा, “व्याजाचं माहीत नाही साहेब, पण मुद्दल बुडवत नाही.” सगळे हसत, तो सर्वांत मोठ्याने. पुढे एका वर्षी शाखेच्या स्नेहसंमेलनात कुणीतरी त्याच्या नमस्काराची नक्कल केली. कपाळ जमिनीला टेकणे, डोळे मिटणे, ओठ पुटपुटणे, सगळे हुबेहूब. सभागृह हसून लोळले. तो पानावरून उठून गेला. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, “बुवा, वाईट वाटलं असेल तर सॉरी हं.” तो शांतपणे म्हणाला, “वाटलं का, ते आधी विचारा साहेब. सॉरीचं मग बघू.”

व्याजाच्या विनोदात त्याला उत्तर द्यायला जागा होती. नकलेत नव्हती, तिथे तो माणूस उरला नव्हता, नुसता मासला झाला होता. आणि माफीतही त्याला जागा नव्हती. त्याला काय वाटले, हे न विचारताच खाते बंद करायची घाई होती.

पोकळ माफी ही काही आजची गोष्ट नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी ही मेजवानी जुळवून आणली आणि नंतर हजर असलेल्यांची नावे छापून आणली. सुधारकांची मेख आणि सनातन्यांचे सोवळे, दोहोंची एकाच कपबशीत गंमत करणारा हा इरसाल विनोद होता. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले. चहात पाप आहे, असे त्यांचे मत झाले होते म्हणून नव्हे. बहिष्कारामुळे स्नेह्यांच्या घरात झालेली कोंडी सुटावी म्हणून. हेतू दयाळू होता. पण परिणाम काय झाला? सुधारक अनुयायी हिरमुसले, आणि मनातून कोणी पालटलेले नाही, हे सनातन्यांनाही ठाऊक होते. जिथे पाप वाटतच नव्हते, तिथे पापाची पावती फाडली गेली, एवढेच.

त्याच काळात आगरकर होते. १८८८ पासून ‘सुधारक’मधून त्यांनी रूढींवर कोरडे ओढले. विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. आगरकरांनी ‘मी आपले गमतीने म्हणालो’ अशी पळवाट शोधली नाही. म्हणून सव्वाशे वर्षांनंतरही त्यांच्याशी भांडता येते. जर-तरवाल्यांशी भांडताही येत नाही.

आता दुसरी बाजू. माफी मागणारा लबाड असतो, तसा पुष्कळदा माफी मागायला लावणाराही असतो. २०१६ च्या जानेवारीत किकू शारदा या विनोदी नटाला डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखाची नक्कल केल्याबद्दल हरयाणाच्या पोलिसांनी अटक केली. नटाने माफी मागितली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, त्याच बाबाला बलात्काराच्या दोन प्रकरणांत मिळून वीस वर्षांची शिक्षा झाली. डेऱ्याच्या साध्या भाविकाच्या श्रद्धेला खरी इजा कोणी केली, नक्कल करणाऱ्याने की बाबाने? भावनांच्या नावाने मोर्चे काढणारे पाहिले, की मला बँकेतलाच प्रश्न पडतो: भाविकांनी यांना मुखत्यारपत्र लिहून दिले केव्हा? मार खाण्याच्या किंवा गजाआड जाण्याच्या भीतीने जे वदवून घेतले जाते, ती माफी नव्हे, खंडणी आहे.

कायदासुद्धा याहून विचारी आहे. भारतीय दंड विधानात १९२७ साली २९५-अ हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत ते २९९ झाले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले ते याच आधारावर, की धर्माचा प्रत्येक अपमान त्यात येत नाही. जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेलाच येतो. म्हणजे कायदा हेतू विचारतो. आपली ठरीव दिलगिरी मात्र हेतूबद्दल अवाक्षर काढत नाही आणि दुखापतीबद्दलही ‘असेल तर’ म्हणते.

प्रामाणिक माणसाला दोनच वाक्ये उपलब्ध आहेत. एक: “मी हे बोललो, ते अमुक कारणाने चुकले, मागे घेतो.” दुसरे: “मी हे बोललो. तुम्हाला लागले, हे मला दिसते. तरीही मला ते खरे वाटते, आणि का, ते ऐकून घ्या.” पहिल्यात अहंकार सोडावा लागतो, दुसऱ्यात सुरक्षितता. दोन्हींत समोरच्याला माणूस मानावे लागते. तिसऱ्या वाक्याला काहीच लागत नाही, म्हणूनच ते इतके खपते.

आणि माफी मागणाऱ्याला हे धैर्य व्हावे, असे वाटत असेल, तर दुसरे वाक्य उच्चारणाऱ्याची खुर्ची मोडायची नाही, एवढे पथ्य श्रद्धाळूंनाही पाळावे लागेल. ज्या गावात खरे बोलणाऱ्याला मार पडतो, त्या गावाला खोटीच माफी मिळणार. ती कितीही साठवली, तरी गरजेच्या दिवशी वटणार नाही.