यादीत नाव, रस्त्यावर जागा

संध्याकाळी साडेसहाला मॅगझीन चौकातून दिघी गावठाणाकडे चालत निघा. कंपनीच्या बसमधून उतरलेली माणसं, पाठीला डब्याची बॅग, आणि घरी जाता जाता हातात एक जुडी मेथी, पाव किलो टोमॅटो, पोरांसाठी दोन केळी. भोसरी एमआयडीसीत, चाकणला शिफ्ट करून आलेल्या माणसाला मॉलमध्ये जायला वेळ नसतो आणि मंडई त्याच्या वाटेवर नसते. त्याच्या वाटेवर असते ती पथारी.

मी ज्या मावशींकडून भाजी घेतो, त्या जुड्यांवर पाणी शिंपडत बसलेल्या असतात. त्यांच्या क्रेटखाली एक प्लॅस्टिकची पिशवी असते, वरून रबर लावलेली. तिच्यात आधारची झेरॉक्स, रेशनकार्ड, फेरीवाल्यांच्या सर्वेक्षणाची माणसं आली तेव्हाची पावती आणि स्वनिधी योजनेतून मिळालेल्या दहा हजारांच्या कर्जाचा कागद. पाऊस आला की मावशी आधी ती पिशवी पदराखाली घेतात, मग मेथी झाकतात.

परवा विचारलं, "मावशी, यादीत नाव आहे का तुमचं?"

"आहे की! जानेवारीत मतदान केलं ना मी."

मावशींना वाटलं, मी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मतदार यादीबद्दल विचारतोय. त्या यादीबद्दल गेल्या नोव्हेंबरात आपण सगळेच बोलत होतो. 20 नोव्हेंबर 2025 ला प्रारूप यादी आली तेव्हा कुणाचं नाव शेजारच्या प्रभागात गेलंय, कुणाचं दुबार लागलंय, हे आपण व्हॉट्सअॅपवर एकमेकांना कळवत होतो. पण यादी आणखी एक आहे. ती फारशी कुणाला माहीत नाही, आणि मावशींची रोजची जागा त्या दुसऱ्या यादीवर ठरणार आहे.

2014 मध्ये संसदेने पथविक्रेत्यांचा कायदा केला. 1 मे 2014 पासून तो लागू आहे. त्याचं म्हणणं अगदी साधं आहे. दर पाच वर्षांनी शहरातल्या सगळ्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण करा. ते पूर्ण होऊन प्रमाणपत्रं हातात पडेपर्यंत कुणालाही हटवू नका. कुठे बसायचं, कुठे नाही, किती वाजेपर्यंत, हे ठरवताना नगर पथविक्रेता समितीला विचारा. समितीचे अध्यक्ष महापालिका आयुक्त. पोलीस, वाहतूक शाखा, आरोग्य विभाग, रहिवासी संघटना, बँका, सगळ्यांना तिच्यात जागा आहे. आणि किमान चाळीस टक्के सदस्य स्वतः विक्रेते असले पाहिजेत, विक्रेत्यांनीच मतदान करून निवडून दिलेले. त्यातल्या एक तृतीयांश महिला. महाराष्ट्रात वीस जणांच्या समितीत हे आठ जण होतात.

म्हणजे मावशींना दोन मतं आहेत. एक आपल्या सगळ्यांसारखं, नगरसेवक निवडायचं. दुसरं त्यांच्या धंद्याचं, जे मला नाही, तुम्हाला नाही, फक्त त्यांना आहे. ते दुसरं मत त्यांना माहीतच नव्हतं.

सर्वेक्षणाची यादी हीच त्या निवडणुकीची मतदार यादी. नाव गळलं की जागेचा हक्कही डळमळतो आणि मतही जातं. मुंबईत काय झालं ते पाहा. 2014 च्या सर्वेक्षणात 99 हजारांवर फेरीवाल्यांची नोंद झाली. छाननी होत होत मतदार उरले सुमारे 32 हजार. मतदान व्हायला 29 ऑगस्ट 2024 उजाडला, आणि पुढे निकालही न्यायालयात अडकला. दहा वर्षं! एवढ्या काळात एका हातगाडीवर दोन पिढ्या उभ्या राहतात.

आपल्या शहराला तसं होऊ द्यायचं नाही. आणि ते आपल्या हातात आहे, असं मी मनापासून मानतो.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं बोलूया. फुटपाथवर चालायला जागा नसते ही तक्रार खरी आहे. माझी आई गुडघ्यांनी अधू आहे. गाड्यांच्या मधून वाट काढत रस्त्यावर उतरावं लागतं तेव्हा तिचा हात माझ्या दंडावर किती घट्ट आवळला जातो, ते मला माहीत आहे. सोसायट्यांमधून जे अर्ज जातात ते माणसं वाईट आहेत म्हणून जात नाहीत. पण नुसतं "हटवा" म्हणून काय होतं? आज हटलेली गाडी परवा पुढच्या कोपऱ्यावर उभी राहते, कारण गिऱ्हाईक तिथेच आहे. तक्रार जिथल्या तिथे राहते, आणि मधल्या दोन दिवसांत कुणाचा तरी माल सडतो. कायदा शिस्तीच्या विरोधात नाही, उलट शिस्त कशी आणायची याची रीत तो सांगतो. उठवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस. माल उचलला तर त्याची यादी हातात. मालकाने मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. आणि ज्या नैसर्गिक, म्हणजे आपसूक जमत आलेल्या बाजाराला पन्नास वर्षांहून जास्त काळ झालाय, त्याला वारसा बाजार म्हणून मान.

संख्येची भीतीही बाळगायला नको. एका शहरात विक्रेते लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यायचे, असं कायद्याचं माप आहे. 2011 च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 17 लाख 27 हजार होती. त्या जुन्या आकड्यानेही हे माप 43 हजारांवर जातं, आणि शहर तेव्हापासून किती वाढलंय ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. जागा आखून द्यायचं काम तेवढं नेटानं व्हायला हवं.

आपण दिघीकर तर हे दरवर्षी करून दाखवतो. ज्ञानोबा माऊलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे निघते आणि आपल्या दारावरून जाते. त्या दिवशी याच रस्त्यावर लाखो पावलं असतात. पाण्याचे टँकर कुठे, फिरती शौचालयं कुठे, फुटाणे आणि तुळशीमाळांवाले कुठे बसणार, वाहनं कुठून वळणार, सगळं आधी ठरतं. मंडळांची पोरं, महापालिकेचे कर्मचारी, पोलीस, सगळे एका रांगेत राबतात. पालखी पुढे जाते आणि काही तासांत रस्ता लख्ख होतो. एका दिवसासाठी जे जमतं, ते रोजच्या संध्याकाळच्या तीन तासांसाठी का जमू नये?

मग आत्तापर्यंत अडलं कुठे? मला वाटतं, विचारायला जागाच नव्हती. 1997 साली दिघी महापालिकेत आली. रस्ते आले, पाणी आलं, बीआरटी आली. पण ग्रामपंचायत गेली तशी ग्रामसभाही गेली, जिथे उठून उभं राहून "हे असं का?" म्हणता यायचं. पुढे 13 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. त्या काळात क्षेत्रीय कार्यालयांत सोमवारच्या जनसंवाद सभा झाल्या, त्यांचा उपयोगही झाला. तरी सभागृहात उभं राहून आपल्या वतीनं प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. आता आहे. 15 जानेवारी 2026 ला आपण रांगा लावल्या आणि 32 प्रभागांतून 128 नगरसेवक निवडले. तुम्ही मत कुणालाही दिलेलं असो, आपल्या प्रभागातून निवडून आलेले चौघेही आता आपले आहेत.

म्हणून पहिली मागणी त्यांच्याकडे करूया, प्रेमाने पण लावून धरून: क्षेत्रसभा घ्या. 2009 पासून ही तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. मतदान केंद्रांच्या हद्दी धरून क्षेत्र ठरवायचं, त्यातल्या सगळ्या मतदारांची सभा बोलवायची आणि नगरसेवकाने अध्यक्षस्थानी बसायचं. आपल्या गेलेल्या ग्रामसभेचं हे शहरातलं रूप आहे. ती कागदावरून चौकात आणायला चारशे माणसं लागत नाहीत. एका इमारतीतल्या पंधरा-वीस जणांनी सह्या करून पत्र दिलं तरी सुरुवात होते. पहिल्याच सभेत विषय घ्या: आपल्या प्रभागात फेरीवाला क्षेत्र कुठे, त्यात जागा किती, सर्वेक्षणाच्या यादीत नावं कोणाची. पथविक्रेता समितीने विक्रेत्यांची सनद प्रसिद्ध करायची, नोंदी अद्ययावत ठेवायच्या, स्वतःच्या कामाचं सामाजिक लेखापरीक्षण करायचं, हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. ते वेळेवर होतंय का, हे नगरसेवकांनी सभागृहात विचारावं आणि उत्तर क्षेत्रसभेत येऊन सांगावं.

सोसायट्यांच्या अध्यक्षांना, सचिवांना माझी हात जोडून विनंती आहे. पुढचा अर्ज लिहाल तेव्हा "इथे नको" याच्या खाली "तिथे चालेल" अशी एक ओळ लिहा. एक साधा नकाशा जोडा, हाताने काढलेला चालेल. प्रवेशद्वारापासून किती फूट मोकळं हवं, रुग्णवाहिका कुठून वळते, कुठला पट्टा संध्याकाळी रिकामा असतो, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही.

विक्रेत्या भावांनो, बहिणींनो, तुमच्याकडेही मागणं आहे. आखलेल्या पट्ट्याच्या बाहेर क्रेट सरकवू नका. कचरा आपला आपण उचला. आणि प्रमाणपत्र मिळालं की ते भाड्याने देऊ नका, कायद्यालाही ते मान्य नाही. ज्या दिवशी गाडी एकाच्या नावावर आणि धंदा दुसऱ्याचा होतो, त्या दिवसापासून यादीवरचा लोकांचा विश्वास उडायला लागतो, आणि त्याची झळ खऱ्या कष्टकऱ्याला बसते. समितीची निवडणूक लागली की मतदान चुकवू नका. बायकांनी तर उभं राहावं. जागा तुमच्यासाठी राखलेल्या आहेत.

आणि आपण गिऱ्हाईक? आपण रोज तिथे पाच मिनिटं उभे असतोच. आपल्या हातात स्मार्टफोन असतो, आपल्याला फॉर्म वाचता येतो. कुणाचं आधार जुन्या पत्त्यावर आहे, कुणाचा मोबाईल नंबर बदललाय म्हणून ओटीपी येत नाही, कुणाला स्वनिधीचं पहिलं कर्ज फेडल्यावर पुढचं मोठं कर्ज मिळतं हे माहीत नाही. ही पाच-दहा मिनिटांची कामं आहेत. कॉलेजच्या पोरांनी एक रविवार दिला तर एका रस्त्यावरच्या सगळ्यांचे कागद तपासून होतील. यादीत नाव नसेल तर क्षेत्रीय कार्यालयात अर्ज, पोच घेऊन. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात दुसरा. मी स्वतः हे करायचं ठरवलंय आणि मला सोबत हवी आहे.

मावशींच्या पिशवीतली सर्वेक्षणाची पावती मी काल उलगडून पाहिली. घडीवरची अक्षरं पुसट झालीत, पण क्रमांक अजून वाचता येतो. तो मी वहीत उतरवून घेतला. त्यांच्या शेजारी लिंबं-मिरच्या घेऊन बसणाऱ्या आजींनी ते पाहिलं आणि कनवटीची चिठ्ठी काढून पुढे केली, "माझाबी लिव्ह." मग केळीवाला आला, मग अंडाभुर्जीच्या गाडीवरचा पोरगा. वहीत काल रात्री अकरा नावं झाली. सोमवारी ती घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जातोय. तुमच्या कोपऱ्यावरची नावं तुम्ही घेऊन या.