वतन एक, पासपोर्ट किती?

उर्दूत ‘वतन’ म्हणजे जन्मभूमी. मराठीत ‘वतन’ म्हणजे पिढीजात हक्क आणि त्याबरोबरची जमीन. पाटलाचे वतन, मावळातल्या देशमुखाचे वतन. शब्द एकच, अरबीतून आलेला. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून दुहेरी नागरिकत्वाचा वाद ऐकताना हे दोन अर्थ आठवतात. लोक पहिल्या अर्थाने भांडतात आणि कायदा दुसऱ्या अर्थाने चालतो. मन कुठे आहे हे कायदा विचारत नाही, हक्क कोणता उरला एवढेच सांगतो.

आपला कायदा स्पष्ट आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद 9 आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचे कलम 9 यांनुसार स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. परदेशी पासपोर्ट काढणे हाच त्याचा निर्णायक पुरावा, हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये इझहार अहमद खान खटल्यात वैध ठरवला. फाळणीनंतर पाकिस्तानी पासपोर्टवर इकडे आलेल्यांचा तो प्रश्न होता.

त्याचा आजचा चेहरा गोव्यात दिसतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगाल आपले नागरिक मानू शकतो. दुसरे नागरिकत्व असले तरी त्याची हरकत नसते. हरकत भारताची आहे. पोर्तुगालचा पासपोर्ट हाती आला की मतदानाचा हक्क गेला. ब्रिटन युरोपीय संघात असताना अनेक गोवेकर याच पासपोर्टवर तिथे कामाला गेले. पोटासाठी गेलेल्या या माणसांना देश सोडला म्हणून हिणवणे मला पटत नाही.

लोणावळ्यातून शिकून बाहेर गेलेली मुलेही विचारतात, “टीचर, तिकडचे नागरिकत्व घेतले तर गावची शेती जाईल का?” वारसाने आलेली शेती जात नाही. ओसीआय कार्ड काढले तर आजन्म व्हिसाही मिळतो. पण ते नागरिकत्व नव्हे. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, नवी शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असलेल्यांना तर हे कार्डही मिळत नाही.

जगात एकच रीत नाही. ब्रिटन, कॅनडा दोन्ही नागरिकत्वे चालवून घेतात. जर्मनीने जून 2024 पासून दार उघडले. चीन, जपान, सिंगापूर एकालाच मान्यता देतात. पाकिस्तान ठरावीक देशांपुरती मुभा देतो, पण दुहेरी नागरिकाला संसदेत बसू देत नाही. ऑस्ट्रेलियातही तेच, 2017 मध्ये तिथे अनेक खासदारांची पदे गेली. म्हणजे निष्ठेची काळजी पदापुरती बंदी घालूनही घेता येते.

‘दुहेरी निष्ठा’ हा शब्द मुसलमानाने फार ऐकला आहे, एकच पासपोर्ट असतानाही. म्हणून निष्ठेच्या नावाने होणारा विरोध मला पोकळ वाटतो. तरीही दुहेरी नागरिकत्व ही आपली पहिली मागणी असावी, असे मला वाटत नाही.

कारण ती मागणी करू शकतो तो अमेरिका-ब्रिटनला पोचलेला माणूस. कोकणातल्या आणि आपल्या कितीतरी घरांतला माणूस सौदीत, कुवेतमध्ये, दुबईत राबतो. तीस वर्षे राबला तरी त्याला तिथले नागरिकत्व मिळण्याची आशा जवळजवळ नसते. अमिरातीने 2021 मध्ये दार किलकिले केले, तेही गुंतवणूकदार, डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा निवडक लोकांसाठी. गवंड्याला आणि ड्रायव्हरला त्यात जागा नाही. त्याच्याकडे एकच नागरिकत्व आहे, आपले. आणि ते तरी पूर्ण वापरता येते का? परदेशातल्या भारतीय नागरिकाला 2010 च्या दुरुस्तीने मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला गावच्या केंद्रावर स्वतः यावे लागते. रजा आणि विमानाचे भाडे कोण देणार? प्रतिनिधीमार्फत मतदानाचे विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि 2019 मध्ये लोकसभेबरोबर विरून गेले.

दोन देशांचे हक्क मागणाऱ्यांची बाजू ऐकून घ्यावीच. पण त्याआधी ज्याला एकच देश आहे, त्याचे मत पेटीपर्यंत पोचू द्या. मराठीतल्या अर्थानेही हे वतन त्याचे आहे.