प्यूमाला हद्द कोण दाखवणार?

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात प्यूमाची शिकार करता येत नाही. पण हिवाळ्यात बर्फ साचलं की एल्क हरणं खालच्या कुरणांकडे उतरतात, त्यांच्यामागे प्यूमाही हद्दीबाहेर पडतो. तिथे मोंटाना, वायोमिंगमध्ये हंगाम सुरू असतो. शिकारी कुत्रे सोडतात, प्यूमा झाडावर चढतो, मग गोळी. पिल्लांसोबत असलेली मादी मारायची नाही, असा नियम आहे. पण पिल्लं दूर लपवून ती एकटी निघाली असेल तर? पिल्लं वर्षाहून अधिक काळ तिच्यावरच जगतात.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९० मध्ये हौसेची शिकार राज्यभर बंद केली. गुरं मारणाऱ्या प्यूमासाठी वेगळा परवाना ठेवला. कोलोरॅडोने २०२४ मध्ये असा प्रस्ताव फेटाळला. आम्हाला कॅलिफोर्नियाचा मार्ग पटतो. तोवर निदान उद्यानाला लागून शिकारबंद पट्टा तरी आखावा.