शेजारच्या आसनाचे मोल

'स्वस्तात उडायचे तर एवढे सोसलेच पाहिजे,' हा युक्तिवाद विमानप्रवासाविषयी आपल्या धर्मग्रामातील सुशिक्षितही हल्ली करू लागले आहेत. तो आम्हांस मुळीच मान्य नाही.

सोनेगावहून मुंबई अवघी दीड तासाची. तेवढ्यात गुडघे पुढच्या आसनाला टेकतात, हातातले सामान सात किलोंत बसवावे लागते, चहा विकत घ्यावा लागतो. त्याचे काही नाही. रात्रभर गर्दीच्या रेल्वेने मुंबई गाठलेल्यांना गुडघ्यांचे काय कौतुक! परंतु आई व मूल, वृद्ध पती व पत्नी यांनी शेजारी बसावे म्हणून निराळे पैसे मागणे ही कुटुंबाच्या मायेवर बसविलेली जकात आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलास त्याच तिकिटावरील आईवडील वा पालकांपैकी एकाजवळ जागा द्या, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजवावे लागले. बजवावे लागले, हीच लाजेची गोष्ट. शिवाय पट्टा लावता न येणारी ऐंशीची आजी त्या आदेशात बसत नाहीच.

'प्रवाशाने अटी मान्य केल्या होत्या ना?' केल्या होत्या. पण नुसत्या संमतीने करार न्याय्य ठरत नाही, हे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात मजुरीसंबंधी स्पष्ट केले आहे. भावाच्या अंत्यविधीला तातडीने निघालेली बहीण कोणती अट नाकारणार?

एका तिकिटावरील वृद्ध, आजारी व त्यांचा सोबती यांना एकत्र जागा विनामूल्य मिळालीच पाहिजे. खिडकीचे पैसे कंपन्यांनी खुशाल घ्यावेत.